आधी हात, मग काच

१

आमच्या कार्यालयाचा दिवस देशभरच्या पाण्याने सुरू होतो. समुद्रकिनारे, नद्या, डोंगरातली तळी, जिथे जिथे लोक उघड्या पाण्यात पोहतात तिथून सकाळी फोन येतात आणि मी कानाला फोन लावून लिहीत बसते. उत्तरेचा किनारा चौदा अंश, लाटा गुडघाभर. मोठ्या नदीचं वळण अकरा, ओढ जास्त. मग प्रत्येक जागेपुढे तीनपैकी एक शेरा टाकते: 'खुशाल पोहा', 'जपून' किंवा 'नको'. दुपारपर्यंत ते वर्तमानपत्रांना आणि रेडिओला जातं. लोकांना वाटतं यात काय मोठं, बोट बुडवायचं आणि सांगायचं. नोकरीला लागले तेव्हा मलाही तसंच वाटलं होतं.

पाण्याला ऋतू उशिरा कळतो. हवा गार झाली तरी समुद्र कितीतरी दिवस उन्हाळा धरून बसतो, नदी मात्र रात्रीत बदलते. तळ्याचं त्याच्या खोलीवर असतं. उथळ तळं झटकन गार होतं, खोल तळं आढेवेढे घेतं, पण शेवटी सगळी गार होतात. हिवाळ्याच्या तोंडावर चढत गेलेलं पाणी मी कधी पाहिलं नव्हतं.

गावातलं तळं मी स्वतः मोजते, कामावर जाता जाता. आमच्यात एक रीत आहे: आधी हात, मग काच. म्हणजे तापमापक सोडायच्या आधी मनगट पाण्यात घालायचं, अंदाजाने आकडा मोठ्याने बोलायचा आणि मगच काच बघायची. काच बिघडली तर हाताला कळतं, हात चुकला तर काच सांगते. धक्क्यावर एकटीच आकडे बोलणाऱ्या बाईकडे लोक कसे बघतात ते विचारू नका. एका आजोबांनी तर एकदा माझ्यासाठी कोणाला बोलावू का म्हणून विचारलं होतं.

त्या सकाळी मी मनगट घातलं आणि म्हणाले, "वीस." काचही वीस म्हणाली. हात अजून शाबूत आहे म्हणून मी खूश झाले, पिशवी उचलली, आणि धक्क्यावरून उतरता उतरता थांबले. काठावरच्या झाडांना एक पान उरलं नव्हतं. मी आत्ताच हातमोजा काढून हात बुडवला होता. आणि देशातली बाकीची सगळी तळी कधीच बाराच्या खाली गेली होती.

२

आमच्या साहेबांना आम्ही मागे 'पारा' म्हणतो, कारण चढायला वेळ लागत नाही.

"वीस?" पारा म्हणाला. "बाई, बाहेर लोकांची नाकं गळतायत."

"हातालाही वीसच लागलं, साहेब."

"मग हात बदलून घ्या."

कार्यालयाचा नियमच आहे. ऋतूत न बसणारा आकडा आला की ती मोजणाऱ्याची चूक धरायची आणि त्या जागेची नेहमीची सरासरी घालायची. नियम वाईट नाही. लोक काच उन्हात धरून वाचतात, घाईत भलतंच सांगतात. पाराने वीस खोडून अकरा घातले, पुढे 'नको' असा शेरा मारला आणि विषय मिटवला. मी म्हटलं कुठे गरम पाणी सोडलं असेल, तर तो म्हणाला, गावात कारखाना कुठला? मी म्हटलं झरा फुटला असेल, तर म्हणाला, इतकी वर्षं कुठे गेला होता तो झरा? राग आला तो त्याचं म्हणणं बरोबर होतं म्हणून.

पण दिवसभर माझ्या डोक्यात झरा नव्हता, आमचे हे होते. हे रोज सकाळी त्याच तळ्यात पोहायला जातात आणि घरी येऊन म्हणतात, पाणी काय सुंदर उबदार आहे! कितीतरी दिवस म्हणत होते. नवरा रोज जे म्हणतो ते कोण ऐकतं?

३

ह्यांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं त्याला वर्ष होत आलं होतं. डॉक्टर म्हणाले, पोहा. उन्हाळ्यात तळ्यावर पोहणाऱ्यांचं चांगलं टोळकं होतं, त्यात हे शिरले. पोहणं म्हणजे कसं, तर मान ताठ वर, मिशी भिजली तर दंड भरावा लागेल असं. मी धक्क्यावर बसून हसून हसून पडायचे. थंडी पडू लागली तसं टोळकं पांगलं आणि हे एकटेच उरले.

"अहो, थंडी नाही वाजत?"

"बाहेर वाजते. पाण्यात कुठे?"

मी संशयी आहे, हे मी आधीच सांगून टाकते. माहेरी मला 'पोलीस' म्हणत. आणि ह्यांच्यात जो बदल झाला होता, तो पोलिसाच्या नजरेतून सुटणारा नव्हता. हे भांडी घासू लागले. खिडकी उघडी की बंद यावरून आमचं आयुष्यभर चाललेलं भांडण, तेही एकदम संपलं. मी बोलत असले की टीव्ही बंद करून ऐकायचे. नवरा एकाएकी गुणी झाला की आधी त्याचे खिसे तपासावेत, असं माझी आई म्हणायची. मी तपासले. खिशात ओली वाळू निघाली, दुसरं काही नाही.

कुठेतरी पाणी मुरत होतं. पहिला विचार आला तो अर्थातच बाईचा. मग मलाच हसू आलं. ज्या माणसाला स्वतःचे मोजे सापडत नाहीत, त्याला बाई कुठून सापडणार?

बाकीच्या गोष्टी बारीकसारीक होत्या, म्हणून त्यांचा मला जास्त त्रास झाला. हे आंघोळ करून बाहेर आले तरी न्हाणीघरातल्या आरशावर वाफ धरलेली नसे. चहाचा कप दोन्ही हातांत धरून बसत आणि दुसऱ्या घोटाला म्हणत, गार झाला गं. सकाळी हे उठून गेल्यावर मी त्यांच्या बाजूच्या गादीवर हात ठेवून बघायचे, ऑपरेशननंतर लागलेली सवय ती. तिथे ऊब नसे. गादी इतकी गार असे की तिथे कोणी झोपलंच नव्हतं असं वाटावं.

४

एका सकाळी मी ह्यांच्या मागोमाग निघाले. चोरून. ह्या वयात नवऱ्याचा पाठलाग करायचा म्हणजे लाजच होती, पण केला.

तळ्यावर धुकं होतं. साधं धुकं वरून उतरतं, हे पाण्यातून वर येत होतं. हे धक्क्याच्या टोकाशी गेले, टॉवेल कठड्यावर टाकला आणि हळूच पाण्यात उतरले. बाई नव्हती, कोणीच नव्हतं. मी जीवरक्षकाच्या टपरीपाशी उभी राहिले. तो हिवाळ्यासाठी टपरी आवरत होता, दोर गुंडाळून ठेवत होता.

"तुमचे मिस्टर ना?" तो म्हणाला. "दांडगा माणूस आहे. रोज येतात."

"किती वेळ पोहतात?"

त्याने तळ्याकडे बघितलं. "उतरताना बघतो मी. बाहेर येताना नाही बघितलं कधी. धुकं असतं ना." मग दोर खाली ठेवून म्हणाला, "ताई, एक विचारू? ते घरी येतात ना रोज?"

"म्हणजे? घरी नाही येणार तर कुठे जाणार?"

"नाही, टॉवेल इथेच राहतात, मीच उचलून ठेवतो, म्हणून म्हटलं. पोहून आलेला माणूस कोणीही असू दे, पहिला टॉवेल मागतो."

त्याने टपरीत बोट दाखवलं. खुंटीवर आमचे टॉवेल एकावर एक लटकत होते. मी विकत घेतलेले, कोपऱ्यात माझ्या हातचा टाका असलेले. मी हात लावून बघितला. सगळे कोरडे होते, घडीच्या रेघासुद्धा मोडलेल्या नव्हत्या.

मी धक्क्यावर गेले आणि मनगट पाण्यात घातलं. "एकोणतीस," माझ्या तोंडून निघालं. धुक्यात कुठेतरी हात मारल्याचा आवाज येत होता, संथ, दमलेला. मी वाट बघत उभी राहिले. तळ्याकडून घराकडे जायला एकच वाट आहे आणि मी त्या वाटेच्या तोंडाशी होते. हे आले नाहीत. शेवटी कामाला उशीर होतोय असं स्वतःला सांगून मी डबा घ्यायला घरी आले.

हे स्वयंपाकघरात भांडी घासत होते. केसांतून पाणी गळत होतं.

"कोणत्या वाटेने आलात?"

"नेहमीच्या," हे म्हणाले आणि नळ जरा मोठा केला.

५

माणूस असा असतो की डोळ्यांनी दिसलं तरी आधी यंत्रावर ढकलतो. मी ठरवलं, सगळा घोटाळा काचेचा आहे. काच चुकीचं दाखवते आणि आता ते ऐकून ऐकून हातही तसंच बोलायला लागला आहे.

काचेचा संशय आला की आम्ही एक सोपी युक्ती करतो. निरोगी माणसाच्या काखेत धरायची. ऋतू कुठलाही असो, काख बदलत नाही. तिथे सदतिसाच्या आसपास आली तर काच चांगली, नाहीतर फेकून द्यायची.

संध्याकाळी हे टेबलापाशी वर्तमानपत्र वाचत होते. मी पिशवीतली काच काढली.

"अहो, हात वर करा जरा."

ह्यांनी निमूटपणे हात वर केला. "आता मलाही 'नको' शेरा मारणार का?"

ती थट्टा इतकी ह्यांची होती, की मला रडूच यायचं बाकी राहिलं. इतके दिवस मी कसले कसले विचार करत होते! मी काच काखेत दिली, भाजी परतली, परत येऊन वाचली. सात.

तुम्हाला खोटं वाटेल, पण मला आनंद झाला. काच बिघडली होती! काखेत सात दाखवणारी काच तळ्यात वाटेल ते दाखवेल. म्हणजे तळं बरोबर, नवरा बरोबर, टॉवेलांचंही काहीतरी कारण निघेलच. त्या रात्री मी कितीतरी दिवसांनी गाढ झोपले.

दुसऱ्या दिवशी कार्यालयातून नवी काच घेतली. जुनी टाकून देण्याआधी, नुसती रीत म्हणून, दोन्ही स्वतःच्या काखेत धरल्या. नवी सदतीस. जुनीही सदतीस.

मी कार्यालयाच्या बाथरूममध्ये दोन काचा हातात घेऊन बसून राहिले. बाहेर फोन वाजत होते, पारा माझ्या नावाने ओरडत होता. मी रीत मोडली होती. आधी हात लावायचा असतो, आणि मी ह्यांना हात लावलाच नव्हता. शेवटचा कधी लावला होता, तेही आठवेना. जेव्हा बघावं तेव्हा ह्यांचे हात पाण्यात असत.

६

डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, हृदयाच्या रोग्यांचे हातपाय गार असतातच, घाबरू नका. मी सात अंश म्हणणार होते, पण आभार मानून फोन ठेवला. फोनवर असं कोणाला सांगणार? सांगितलं असतं तर मलाच तपासायला बोलावलं असतं.

घरी आले. हे खुर्चीत बसले होते, दिवा न लावता.

"हात द्या," मी म्हणाले.

ह्यांनी दिला. मी तो घेतला नाही, सरळ मनगट ह्यांच्या मानेला लावलं, जिथे ऑपरेशननंतर कितीतरी वेळा ताप बघितला होता तिथे. आणि सवयीने, अगदी सवयीने, मोठ्याने म्हणाले, "सात."

"बरोबर?" ह्यांनी विचारलं.

"थंड आहात तुम्ही."

"तू गरम आहेस." त्यांनी माझा हात मानेवर दाबून धरला. "राहू दे जरा. बरं वाटतं."

मी हात ओढून घेतला आणि गॅसपाशी जाऊन उभी राहिले. माणूस सात अंशांवर बोलत नाही, बसत नाही, वर्तमानपत्र वाचत नाही. एवढं विज्ञान मलाही कळतं. मग खुर्चीत कोण होतं? आणि जे होतं ते हे नव्हते, तर हे कुठे होते? पुढचा विचार मी करत नव्हते, तो आपला आपण होत होता. देशातलं सगळं पाणी गार पडत असताना एकच पाणी तापत होतं.

७

सकाळी भांड्यांचा आवाज ऐकला आणि मी मागच्या दाराने निघाले. हे, किंवा जे कोणी होतं ते, स्वयंपाकघरात पाठमोरं उभं होतं. मी धावत तळ्यावर गेले. टपरीला कुलूप होतं.

धुकं इतकं दाट की धक्क्याचं टोक दिसेना. मी गुडघ्यांवर बसले आणि मनगट पाण्यात घातलं. आकडा बोलले नाही, काचही काढली नाही. ती पाण्याची ऊब नव्हती. ती मला पाठ होती. दवाखान्यात खाटेशेजारी बसून, ताप उतरला का बघायला, मी हेच मनगट ज्या कपाळावर ठेवत होते, त्या कपाळाची ती ऊब होती.

थोड्या अंतरावर पाणी हललं. एक डोकं होतं. ओले केस, मान ताठ वर.

"अहो!" मी हाक मारली.

"काय गं?" पाण्यातून आवाज आला. दमलेला, धाप लागलेला.

"काय गं?" माझ्या मागे, धक्क्याच्या फळ्यांवरूनही आवाज आला. शांत.

मी वळले नाही.

"हात दे," पाण्यातला म्हणाला. "थकलो गं. केव्हाचा हाक मारतोय."

"चल घरी," मागचा म्हणाला. "गारठशील इथे."

दोन्ही आवाज ह्यांचेच होते. हुबेहूब. इतक्या वर्षांच्या संसाराला त्यात फरक सापडेना. हात माझा पाण्यातच होता आणि हाताला कळलं होतं, पहिल्या क्षणीच. पण डोकं बोलायला लागलं. धुक्यातून मागणाऱ्याला हात देतात का? लहानपणापासून काय शिकवतात? बुडणाऱ्याला हात द्यायचा नाही, दोर टाकायचा. दोर टपरीत आहे, टपरीला कुलूप आहे. आणि हाच खोटा असला तर? पोलीस मी! जन्मभर ज्या शंकांनी मला शहाणं ठरवलं, त्या सगळ्या तेव्हाच आल्या, एकीमागून एक.

मला फक्त एक क्षण विचार करायला हवा होता. मी हात पाण्यातून काढला.

डोकं मागे सरलं. बुडालं नाही, नुसतं मागे गेलं, धुक्यात. खांद्यावर एक हात आला, कोटातूनसुद्धा गार लागणारा. त्याने मला उठवलं आणि आजाऱ्याला नेतात तसं कोपराला धरून घरी नेलं.

८

तळं आता उतरतंय. आधी अठ्ठावीस, मग वीस, मग एकदम तेरा. पारा खूश आहे. "बघा, आलं की नाही रांगेत? तुमची काचच बिघडली होती," म्हणतो, आणि मी हो म्हणते. दुसरं काय म्हणू?

घरातला मात्र चढतोय. डॉक्टरांनी तपासलं आणि त्याची पाठ थोपटली, रंग परतलाय म्हणाले, नाडी तरण्या माणसासारखी आहे. नणंद भेटायला आली, ती डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, वहिनी, तू माझ्या भावाला मरणाच्या दारातून परत आणलंस. तो शेजारी बसून हसत होता. भांडी अजून घासतो. खिडकीवरून अजून भांडत नाही. त्या भांडणासाठी मी आता काय वाटेल ते देईन.

सकाळी मी धक्क्यावर जाते आणि हाक मारते. आता दोर बरोबर असतो. सुरुवातीला पाण्यातून ओ येत होती, दर वेळी जरा लांबून. 'हात दे' हे त्यांनी पुन्हा म्हटलं नाही. मग एक दिवस नुसता श्वास ऐकू आला. तरी मी पाण्यात उतरले नाही. रोज उतरायचं ठरवून जाते, बूटसुद्धा काढते, आणि पाणी पायाला लागलं की मला शंका येते.

आज हाताला चार लागलं. काचही चार म्हणाली. या ऋतूत या तळ्याला जेवढं हवं तेवढंच, ना कमी ना जास्त. धुकं नव्हतं. पलीकडचा काठ स्वच्छ दिसत होता, आणि मधे नुसतं सपाट पाणी.

"अहो!" मी हाक मारली. पुन्हा मारली. घसा बसेपर्यंत मारत राहिले.

"काय गं?" मागून, अगदी कानाशी, गरम श्वास आला. "काय हे, हात किती गार पडलाय तुझा!"

त्याने माझा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. हात उबदार होते, अगदी ह्यांच्यासारखे. मी तो काढून घेतला नाही.